किकॅडमधली फूटप्रिंट लायब्ररी तीन संगणकांवर कशी सांभाळावी

प्रश्न थोडक्यात असा आहे. जळगावच्या एमआयडीसीत तिघं मिळून पंपाचे ऑटो स्टार्टर आणि ठिबकच्या व्हॉल्व्हचे कंट्रोलर बनवतात. बोर्ड किकॅड या सर्किट बोर्ड काढायच्या प्रोग्रॅममध्ये काढतात, संगणक तीन आहेत. एकाने काढलेला बोर्ड दुसऱ्याकडे उघडला की फूटप्रिंटची लायब्ररी सापडत नसल्याचा इशारा येतो. (फूटप्रिंट म्हणजे एखादा पार्ट बोर्डावर बसवायला लागणाऱ्या भोकांची आणि पॅडची, म्हणजे सोल्डर करायच्या तांब्याच्या ठिपक्यांची, आखणी.) लायब्ररीत रिलेची भोकं मोठी केली तरी बोर्डावर जुनीच राहतात. एकट्या रिलेच्याच पाच फूटप्रिंट जमल्या आहेत आणि त्यातली खरी कोणती हे कुणालाच सांगता येत नाही. शेवटी विचारलं आहे, की नेटवरून एखादी मोठी तयार लायब्ररी उतरवून घेतली तर हे सगळं सुटेल का?

शेवटच्याचं उत्तर आधी देतो: सुटणार नाही, वाढेल. पाचाच्या जागी पंधरा रिले होतील. तुमच्या कामाला शंभराच्या आतबाहेर फूटप्रिंट लागतात. तेवढ्याच ठेवा, पण त्यातली प्रत्येक हातातल्या पार्टवर मोजलेली आणि एकदा तरी सोल्डर करून पाहिलेली असू द्या. बाकी सगळं त्याच्या सोयीसाठी आहे.

आता भोकं जुनीच का राहतात ते बघू. किकॅडमध्ये फूटप्रिंट दोन ठिकाणी असते. एक लायब्ररीत: ‘प्रीटी’ असं शेपूट असलेला फोल्डर ही लायब्ररी, आणि त्यातली प्रत्येक फाइल ही एक फूटप्रिंट. दुसरी बोर्डाच्या फाइलमध्ये. फूटप्रिंट बोर्डावर ठेवली त्या क्षणी तिची पूर्ण नक्कल बोर्डाच्या पोटात जाते आणि पुढे त्या नकलेचा लायब्ररीशी संबंध फक्त नावापुरता उरतो. म्हणून लायब्ररी हरवली तरी बोर्ड नीट उघडतो, गर्बर (बोर्ड बनवणाऱ्याला पाठवायच्या फाइली) नीट निघतात, आणि लायब्ररी सुधारली तरी बोर्ड आपणहून सुधारत नाही. ही रचना मुद्दाम केलेली आहे आणि चांगली आहे. दोन वर्षांपूर्वी पास झालेला बोर्ड आज कुणी लायब्ररीत हात घातला म्हणून बदलता कामा नये. ६ व्या आवृत्तीपासून स्कीमॅटिकमध्ये (जोडण्यांच्या आराखड्यात) सिम्बॉलचंही, म्हणजे पार्टच्या चिन्हाचंही, असंच होतं.

सुधारलेली फूटप्रिंट बोर्डावर आणायची तर बोर्ड एडिटरच्या टूल्स मेनूत ‘अपडेट फूटप्रिंट्स फ्रॉम लायब्ररी’ आहे. स्कीमॅटिकवरून बोर्ड ताजा करायची एफ८ ही वेगळी गोष्ट. ती जोडण्या आणि फूटप्रिंटचं नाव बघते. नाव तेच असेल तर आतला पॅड बदललाय की नाही याच्याशी तिला देणंघेणं नसतं. अपडेटच्या चौकटीत ‘सगळ्या फूटप्रिंट’ निवडू नका. एकाच लायब्ररी-नावाच्या किंवा निवडलेल्या फूटप्रिंटचा पर्याय घ्या. मजकुराच्या जागा परत मूळ ठिकाणी न्यायच्या खुणा काढून टाका, नाहीतर आर१, सी५ ही हाताने लावलेली सगळी नावं पुन्हा पॅडवर जाऊन बसतील. अपडेटनंतर कॉपरचे भाग बी दाबून पुन्हा भरा आणि डीआरसी (बोर्डाची नियम-तपासणी) चालवा. पॅड सरकला असेल तर ट्रॅकचं टोक जुन्या जागीच राहिलेलं असतं, ते डोळ्याला दिसत नाही.

इथे एक सापळा आहे. बोर्डावरची फूटप्रिंट निवडून कंट्रोल-ई दाबलं की फूटप्रिंट एडिटर उघडतो, पण त्यात येते ती बोर्डातली नक्कल. सेव्ह केलं की बदल फक्त त्या बोर्डात जातो आणि लायब्ररी तशीच राहते. पुढच्या बोर्डात तोच दोष पुन्हा उगवतो आणि ‘आपण तर हे दुरुस्त केलं होतं’ यावर वाद होतात. लायब्ररीतली प्रत उघडायची तर कंट्रोल-शिफ्ट-ई. दुरुस्ती नेहमी लायब्ररीत करा आणि तिथून बोर्डावर आणा, उलट कधीच नको. अलीकडच्या आवृत्त्यांत डीआरसी ‘बोर्डातली फूटप्रिंट लायब्ररीतल्या प्रतीशी जुळत नाही’ असा इशारा देते. तो बंद करून ठेवणारे पुष्कळ आहेत. तुम्ही चालू ठेवा.

आता तीन संगणकांचा घोळ. किकॅड प्रत्येक लायब्ररीला एक टोपणनाव देतं आणि फूटप्रिंटची ओळख ‘टोपणनाव, विसर्गासारखे दोन टिंब, फूटप्रिंटचं नाव’ अशी लिहितं. टोपणनाव म्हणजे प्रत्यक्ष कोणता फोल्डर, हे लायब्ररी टेबलमध्ये नोंदलेलं असतं. टेबलं दोन असतात: एक त्या संगणकाचं, सगळ्या प्रोजेक्टना लागू होणारं, दुसरं प्रोजेक्टचं, प्रोजेक्टच्याच फोल्डरमध्ये राहणारं. तुमच्याकडे बहुधा असं झालंय, की एकाने आपल्या संगणकाच्या टेबलमध्ये डी ड्राइव्हचा पूर्ण पत्ता लिहून लायब्ररी जोडली. दुसऱ्याच्या संगणकावर तो पत्ताच नाही, किंवा लायब्ररी आहे पण टोपणनाव वेगळं दिलंय. किकॅडच्या लेखी ‘रिले’ आणि ‘रिले_नवीन’ या दोन वेगळ्या लायब्ररी आहेत, आत एकच फोल्डर असला तरी.

यावर दोन उपाय आहेत. पहिला, लायब्ररीचा फोल्डर प्रोजेक्टच्या आतच ठेवायचा आणि प्रोजेक्टच्या टेबलमध्ये पत्ता लिहिताना सुरुवातीला किकॅडचं प्रोजेक्ट-पथाचं चलनाव (व्हेरिएबल, म्हणजे पूर्ण पत्त्याऐवजी लिहायचं नाव) वापरायचं. ते म्हणजे डॉलरचं चिन्ह, महिरपी कंस आणि त्यात कॅपिटल अक्षरांत के-आय-पी-आर-जे-एम-ओ-डी. मग प्रोजेक्टचा फोल्डर झिप करून धुळ्याच्या मित्राला पाठवा की पुण्याच्या फॅब्रिकेटरला, सगळं त्याच्याबरोबर जातं. तोटा उघड आहे: दहा प्रोजेक्ट म्हणजे लायब्ररीच्या दहा नकला, आणि दहाही हळूहळू वेगवेगळ्या होतात. म्हणून एकट्या माणसाला किंवा गिऱ्हाइकाच्या एकदाच करायच्या कामाला हा उपाय ठीक, तिघांच्या युनिटला नाही.

तुमच्यासाठी दुसरा. लायब्ररीचा एकच फोल्डर, प्रत्येक संगणकावर त्याची प्रत, आणि प्रेफरन्सेसमधल्या ‘कॉन्फिगर पाथ्स’मध्ये तुमचं स्वतःचं एक चलनाव. तिघांकडे नाव तेच, पत्ता ज्याचा त्याचा. संगणकाच्या टेबलमध्ये लायब्ररी जोडताना पत्ता या चलनावाने सुरू करा आणि टोपणनाव अक्षर न अक्षर सारखं ठेवा. टोपणनावात साल किंवा आवृत्ती घालू नका. प्रत्येक बोर्ड त्या नावाला बांधलेला असतो, ते बदललं की सगळे बोर्ड अनाथ. किकॅडच्या स्वतःच्या चलनावांत मात्र आवृत्तीचा आकडा असतो. ती आपल्या कामाला वापरू नका, आणि किकॅडबरोबर इन्स्टॉल झालेल्या फोल्डरमध्ये आपली एकही फाइल ठेवू नका. नवी आवृत्ती घातली की तो फोल्डर तुमचा राहत नाही.

फोल्डरमध्ये चार गोष्टी ठेवा: सिम्बॉलची फाइल, फूटप्रिंटचे प्रीटी फोल्डर, थ्रीडी मॉडेल आणि डेटाशीटच्या (पार्टच्या कंपनीच्या माहितीपत्रकांच्या) पीडीएफ. डेटाशीट जवळ असणं फार कामाचं आहे, कारण तीच कंपनी तोच पार्ट पुढे वेगळ्या पॅकेजात देते आणि जुनी पीडीएफ नेटवर सापडत नाही. फाइलींची नावं इंग्रजी अक्षरं, आकडे, आडवी रेघ आणि अंडरस्कोर एवढ्यातच ठेवा. मोकळी जागा आणि देवनागरी नको. किकॅडला चालतं, पण असेंब्लीवाल्याच्या सॉफ्टवेअरला चालेलच असं नाही. फूटप्रिंटच्या वर्णनाच्या रकान्यात मात्र बिनधास्त मराठीत लिहा.

हा फोल्डर तिघांत सारखा ठेवायला गिट (फाइलींतल्या बदलांची नोंद ठेवणारा प्रोग्रॅम) वापरा. फूटप्रिंट ही साध्या मजकुराची फाइल असल्यामुळे कोणत्या पॅडचा कोणता आकडा कुणी कधी बदलला ते गिटमध्ये ओळीगणिक दिसतं. सिम्बॉलचं तसं नाही. एका फाइलमध्ये शेकडो सिम्बॉल असल्याने दोघांनी एकाच दिवशी बदल केले तर गुंता होतो. म्हणून सिम्बॉलची फाइल एकाच्याच ताब्यात द्या. गिट जमत नसेल तर एक जण लायब्ररीचा राखणदार, बाकीच्यांकडे फक्त वाचायची प्रत, आणि आठवड्यातून एकदा पेनड्राइव्ह. हेही चालतं. जे चालत नाही ते म्हणजे आपोआप सिंक होणारा ड्राइव्ह. दोघांनी एकच फाइल सेव्ह केली की तो गुपचूप दुसरी प्रत बनवून नावामागे कंसात १ लावतो. किकॅड फाइलच्या नावालाच फूटप्रिंटचं नाव मानतं, त्यामुळे ती यादीत नवी फूटप्रिंट म्हणून दिसू लागते. तुमच्या पाच रिलेंपैकी एकदोघांचा जन्म असाच झाला असण्याची दाट शक्यता आहे.

तर आता त्या पाच रिले. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरून माल येतो तेव्हा दर खेपेला तोच मेक मिळेल याची खात्री नसते. निळा चौकोनी रिले वरून सगळा सारखाच दिसतो, पण कॉइलच्या पिना आणि कॉमन पिन यांच्यातलं अंतर मेकप्रमाणे थोडं थोडं बदलू शकतं, पिनची जाडीही. म्हणून ‘रिले_१२व्ही’ असं नाव निरुपयोगी. नावात मेकची सीरिज, पिनांची रचना आणि भोकाचा व्यास यायला हवा. पाचही फूटप्रिंटची प्रिंट १०० टक्के मापात काढा. प्रिंटरच्या चौकटीत ‘पानात बसवा’ हा पर्याय बंद असला पाहिजे, आणि प्रिंटवर १०० मिमीची एक रेघ घालून ती पट्टीने मोजा. ९८ भरली तर प्रिंट फेकून द्या. मग कागद थर्माकोलच्या तुकड्यावर ठेवून रिलेच्या पिना त्यात दाबा. ज्या प्रिंटच्या भोकांच्या मधोमध पिना घुसतील ती ठेवा, बाकीच्या काढा. दोन मेक खरोखर वेगळे निघाले तर दोन फूटप्रिंट राहू द्या, पण दोघींच्या वर्णनात कोणता मेक ते लिहा.

रिले, ट्रान्सफॉर्मर आणि टर्मिनलच्या डेटाशीटमध्ये पिनांचं चित्र बहुतेकदा खालून पाहिलेलं असतं. कोपऱ्यात बारीक अक्षरांत ‘बॉटम व्ह्यू’ लिहिलेलं असतं. ते न बघता काढलेली फूटप्रिंट आरशातली निघते. दोन्ही बाजूंनी सारखा असलेला पार्ट असेल तर कळतही नाही. रिलेमध्ये मात्र नॉर्मली ओपन आणि नॉर्मली क्लोज्ड अदलाबदल होतात आणि वीज येताच, स्टार्ट न दाबता, कॉन्टॅक्टर ओढला जातो. शेतावरच्या पंपाला ही चूक महागात पडते. थर्माकोलच्या परीक्षेत हे पकडायचं तर पार्ट वरून बसवून प्रत्येक पिनचा क्रमांकही प्रिंटशी जुळवावा लागतो, कारण अशा रिलेच्या पिना आरशातल्या फूटप्रिंटमध्येही बसू शकतात.

व्हर्नियरने मोजताना दोन शेजारच्या पिनांमधलं अंतर मोजू नका. पहिली ते शेवटची पिन बाहेरून बाहेर मोजा, त्यातून एका पिनची जाडी वजा करा आणि पिनांच्या संख्येतून एक कमी करून भागा. हे टर्मिनलसाठी फार महत्त्वाचं आहे. हिरव्या स्क्रू टर्मिनलचा पिच (शेजारच्या पिनांमधलं अंतर) ५.०० मिमी असतो किंवा ५.०८, आणि दुकानात दोन्ही एकाच डब्यात असतात. दोन पिनांच्या टर्मिनलला फरक ०.०८ मिमी, बसून जातं. दहा पिनांच्या टर्मिनलला नऊ अंतरं, म्हणजे ०.७२ मिमी, शेवटच्या पिना भोकाबाहेर. पांढऱ्या जेएसटी एक्सएच कनेक्टरचा पिच २.५० आणि बर्ग स्ट्रिपचा (पिनांच्या सरळ पट्टीचा) २.५४. तिथेही चार पिनांना काही होत नाही, दहांना ०.३६ मिमी चुकतं आणि कनेक्टर तिरका उभा राहतो.

भोकाचा हिशेब असा: पिनची जास्तीत जास्त जाडी अधिक ०.२ मिमी. किकॅडच्या लायब्ररीचा नियमही किमान एवढंच मागतो. पिन चौकोनी असेल तर जाडी म्हणजे कर्ण. बर्ग स्ट्रिपची पिन ०.६४ मिमी चौरस, तिचा कर्ण जवळजवळ ०.९१, म्हणून भोक १.० ठेवतात, इथे सूट थोडी कमीच आहे, पण कोपरेच टेकत असल्याने चालून जातं. १एन४००७ डायोडची तार ०.८६ पर्यंत जाड असू शकते, म्हणून तिला १.१. रेझिस्टरची ०.८ ची फूटप्रिंट डायोडला वापरली की दहापैकी काही डायोड बसतात, काही नाही, आणि मग बोर्ड बनवणाऱ्याला शिव्या जातात. किकॅडमधलं भोक हे प्लेटिंगनंतरचं, म्हणजे भोकाच्या आत तांब्याचा थर चढल्यावरचं, माप असतं; फॅब्रिकेटर ड्रिल स्वतःच मोठं घेतो, तुम्ही त्यासाठी वेगळं काही वाढवू नका.

एक अपवाद सांगतो, कारण खानदेशातल्या इंजिनिअरिंग कॉलेजांत आणि छोट्या युनिटांत अजून टोनर आणि फेरिक क्लोराइडवर एकबाजूचे बोर्ड बनतात. तिथे भोकाला प्लेटिंग नसतं, पॅडला धरून ठेवायला फक्त गोंद. किकॅडच्या पाव वॉट रेझिस्टरचा पॅड १.६ मिमी आणि भोक ०.८, म्हणजे कडेला ०.४ चं कडं. हातड्रिल जरा सरकलं की कडं संपलं, आणि दुसऱ्यांदा सोल्डरिंग आयर्न लावलं की पॅड उचलला. एकबाजूच्या बोर्डासाठी वेगळीच लायब्ररी करा, पॅड २.२ ते २.५ मिमी, जागा अपुरी असेल तिथे लंबगोल. या फूटप्रिंट मुख्य लायब्ररीत मिसळू नका.

पिनांचे क्रमांक हा सगळ्यात महागडा विषय आहे. सिम्बॉल आणि फूटप्रिंट यांची गाठ फक्त पिन-क्रमांकावर पडते. कलेक्टर, एमिटर ही नावं किकॅड बघत नाही. टीओ-९२ (तीन पायांचं छोटं प्लास्टिकचं पॅकेज) मधल्या बीसी५४७ ट्रान्झिस्टरच्या पिना, सपाट बाजू आपल्याकडे धरली तर, डावीकडून कलेक्टर, बेस, एमिटर. २एन३९०४ च्या एमिटर, बेस, कलेक्टर. फूटप्रिंट दोघांची तीच, सिम्बॉल वेगळं. स्टॉकमध्ये बीसी५४७ संपला म्हणून दुसरा लावला की तो उलटा लागतो, आणि गंमत म्हणजे उलटा ट्रान्झिस्टरही थोडा चालतो: रिले कधी ओढतो, कधी ओढत नाही, आणि माणूस प्रोग्रॅम तपासत बसतो. एसओटी-२३ या बोर्डाच्या पृष्ठभागावर बसणाऱ्या छोट्या पॅकेजात बीसी८४७ चा क्रम बेस, एमिटर, कलेक्टर. ७८०५ या व्होल्टेज रेग्युलेटरचा क्रम इनपुट, ग्राउंड, आउटपुट. टीओ-९२ मधल्या ७८एल०५ चा बरोबर उलटा, आउटपुट आधी. एएमएस१११७ या रेग्युलेटरला एसओटी-२२३ पॅकेजात टॅब आउटपुटला म्हणजे पिन २ ला जोडलेला असतो. किकॅडमध्ये त्यासाठी टॅबला २ क्रमांक दिलेली वेगळी फूटप्रिंट आहे. साधी, चार क्रमांकाचा टॅब असलेली घेतली तर टॅबला जोडणीच मिळत नाही, उष्णता जायला कॉपर राहत नाही, आणि भुसावळच्या ४५ अंशांच्या मे महिन्यात, बंद पेटीत, रेग्युलेटर तापून बंद पडतो. हिवाळ्यात टेस्ट केलेला बोर्ड पास झालेला असतो.

म्हणून सेमीकंडक्टर, रिले, कनेक्टर आणि ट्रान्सफॉर्मर यांना प्रत्येकी स्वतःचं सिम्बॉल द्या आणि फूटप्रिंटचा रकाना सिम्बॉलमध्येच भरून ठेवा. ‘बीसी५४७’ स्कीमॅटिकमध्ये ठेवला की त्याची फूटप्रिंट त्याच्याबरोबर आली पाहिजे, कुणी नंतर यादीतून निवडायची नाही. रेझिस्टर आणि छोटे सिरॅमिक कपॅसिटर यांना हे करायची गरज नाही. तिथे एक सिम्बॉल आणि तुमच्याकडे जो आकार भरलेला आहे तो. डेटाबेस लायब्ररी नावाची सोयही आता किकॅडमध्ये आहे, पण तीन माणसांच्या युनिटला ती म्हणजे नुसता खटाटोप.

आकाराच्या नावांचे दोन घोळ लक्षात ठेवा. ०६०३ हे इंचातलं नाव असेल तर पार्ट १.६ बाय ०.८ मिमी, मेट्रिक ०६०३ असेल तर तो इंचातला ०२०१, धुळीच्या कणाएवढा. किकॅडच्या नावात दोन्ही आकडे लिहिलेले असतात ते याचसाठी, नाव छोटं करताना दुसरा आकडा उडवू नका. हाताने सोल्डर करत असाल तर ‘हँडसोल्डर’ शेपटाची, लांब पॅडची फूटप्रिंट घ्या. पुढे मशीनवर गेलात तर ती बदला. दुसरा घोळ एसओआयसी-८ या आठ पायांच्या आयसी-पॅकेजचा. २४सी०२ सारखी ईईप्रॉम साधारणपणे १५० मिल (मिल म्हणजे इंचाचा हजारावा भाग) अंगाची, म्हणजे अंग ३.९ मिमी, मिळते. डब्ल्यू२५क्यू सीरिजची फ्लॅश पुष्कळदा २०८ मिल, अंग साधारण ५.३ मिमी. पिच दोन्हीचा १.२७, चित्रात दोन्ही सारख्याच. अरुंद पॅडवर रुंद आयसी ठेवली की पाय पॅडच्या बाहेर लटकतात. पार्ट नंबरची शेवटची अक्षरं पॅकेज सांगतात, ती सिम्बॉलच्या नावात पूर्ण लिहा.

इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटरला व्यासावरून पायांचं अंतर ठरतं: ५ मिमीला २.०, ६.३ ला २.५, ८ ला ३.५, १० ला ५.०. तुमच्या पेट्या उन्हात राहतात, तेव्हा १०५ अंशांचे घ्या, आणि तेच व्होल्टेज-क्षमतेचे १०५ अंशांचे कपॅसिटर ८५ वाल्यांपेक्षा जाड निघू शकतात, हे फूटप्रिंट निवडण्याआधी मोजा. पाय ताणून बसवता येतात म्हणून लोक दुर्लक्ष करतात. वर्षभराच्या मोटारीच्या धक्क्यांनंतर तोच पॅड तडकतो.

२३० आणि ४१५ व्होल्टचे पार्ट असतील तिथे फूटप्रिंटमध्येच सुरक्षितता भरून ठेवा. रिलेच्या कॉन्टॅक्ट आणि कॉइल यांच्यामधली फट बोर्डातून कापून काढायची असेल तर ती कापणीची रेघ फूटप्रिंटच्या एज-कट्स थरावर काढा. रिले जिथे जाईल तिथे फट जाते, बोर्ड काढणाऱ्याला आठवण ठेवावी लागत नाही. कॉपर नको अशा जागेसाठी फूटप्रिंटच्या आतच कीपआउट घालता येतो. फेज ओळखायला पीसी८१७ ही ऑप्टोकपलर आयसी वापरत असाल तर ती ७.६२ रुंदीत बसते, पण पाय रुंद वळवलेल्या प्रकाराला १०.१६ ची फूटप्रिंट आहे. मेन्सच्या बाजूला तीच घ्या. किती मिमी अंतर सोडायचं हे तुमच्या उत्पादनाला लागू असलेल्या मानकावरून काढा, दुसऱ्याचा बोर्ड बघून नको.

थरांचं थोडक्यात. सिल्कची (बोर्डावर छापल्या जाणाऱ्या खुणांची) रेघ ०.१२ मिमी, फॅब थराची (फक्त जुळणीच्या चित्रासाठी असलेल्या) ०.१०. कोर्टयार्ड म्हणजे पार्टभोवतीची मोकळी हद्द. साध्या पार्टला ०.२५ आणि कनेक्टरला ०.५ मिमी सोडतात. स्क्रू टर्मिनलला मात्र वायर आणि स्क्रू ड्रायव्हर येतो त्या बाजूला तुमच्या हिशेबाने जास्त सोडा. १ नंबरच्या पिनची खूण पार्ट बसवल्यावरही दिसेल अशी बाहेर काढा, पोटाखाली लपवलेली खूण दुरुस्ती करणाऱ्याच्या काही कामाची नाही. डायोड आणि एलईडीला किकॅडमध्ये पॅड १ म्हणजे कॅथोड. वायफायच्या ईएसपी३२ मॉड्यूलच्या तयार फूटप्रिंटमध्ये अँटेनाखालचा कीपआउट असतो, तो अडचण होते म्हणून काढून टाकणारे नंतर वायफाय पोहोचत नाही म्हणतात. आणि बोर्डावर ‘चालू’, ‘बंद’ छापायचं असेल तर ७ व्या आवृत्तीपासून बाहेरचे फॉन्ट चालतात; तिन्ही संगणकांवर तोच फॉन्ट हवा, आणि गर्बर पाहणाऱ्या प्रोग्रॅममध्ये जोडाक्षरं डोळ्यांनी तपासल्याशिवाय ऑर्डर देऊ नका. थ्रीडी मॉडेल दिसत नाही म्हणून घाबरू नका, बोर्ड बनण्याशी त्याचा संबंध नाही.

उतरवलेल्या फूटप्रिंटबद्दल. किकॅडची स्वतःची लायब्ररी चांगली आहे, सुरुवात तिच्यापासूनच करा. तिच्या लायसन्समध्ये तुमच्या बोर्डावर कोणतंही बंधन येऊ नये अशी सूट दिलेली आहे, त्यामुळे विक्रीच्या मालाला चालते. पण थेट वापरू नका, आपल्या लायब्ररीत नक्कल करून घ्या, म्हणजे किकॅडने पुढे नाव बदललं तरी तुम्हाला झळ लागत नाही. स्नॅपमॅजिक (आधीचं स्नॅपईडीए), अल्ट्रा लायब्रेरियन अशा फूटप्रिंट देणाऱ्या संकेतस्थळांवरून आणलेलं आधी ‘तपासायचं’ नावाच्या वेगळ्या लायब्ररीत टाका. तिथे डेटाशीटशी पिन-क्रमांक, पिच, पॅड, भोक, वरून-खालून, १ नंबरची खूण आणि कोर्टयार्ड जुळवा. मगच मुख्य लायब्ररीत हलवा. नियम एकच: ‘तपासायचं’ मधली फूटप्रिंट असलेला बोर्ड ऑर्डरला जाणार नाही. मुख्य लायब्ररीतल्या वर्णनातही दोन पायऱ्या लिहा, ‘कागदावर तपासली’ आणि ‘बोर्डावर सोल्डर केली’, पुढे बोर्डाचं नाव. कागदावर पिना बसतात पण सोल्डर नीट चढत नाही किंवा शेजारचा पार्ट अडतो, हे दुसऱ्या पायरीलाच कळतं.

फूटप्रिंटमध्ये चूक सापडली तर नाव बदलायचं की तेच ठेवायचं, यावर मतं वेगळी आहेत. माझं असं: पार्ट तोच आणि फक्त दुरुस्ती असेल तर नाव तेच ठेवा. जुना बोर्ड उघडून डीआरसी चालवली की न जुळण्याचा इशारा येतो आणि त्या बोर्डातही तोच दोष आहे हे आपोआप कळतं. नाव बदललंत तर जुना बोर्ड निवांत जुन्या नावाला धरून राहतो आणि पुढच्या वेळी तसाच ऑर्डरला जातो. पार्ट वेगळा असेल तर मात्र नाव वेगळंच.

राहिले तुमचे जुने बोर्ड, ज्यांच्या लायब्ररीचा पत्ता लागत नाही. प्रत्येक बोर्ड उघडून फाइल मेनूतल्या एक्स्पोर्टमधून त्याच्या फूटप्रिंट एका तात्पुरत्या लायब्ररीत काढा. बोर्डाच्या पोटात नकला असतातच. ज्या बोर्डाचा माल शेतांवर बिनतक्रार चालतोय त्याच्यापासून सुरुवात करा. त्याच्या फूटप्रिंट सोल्डर होऊन सिद्ध झालेल्या आहेत, त्या सरळ मुख्य लायब्ररीत जाऊ शकतात, नाव तेवढं नीट करून. मग दुसरा बोर्ड: त्यातलं जे मुख्य लायब्ररीत आधीच आलंय ते सोडा, नवीन असेल ते ‘तपासायचं’ मध्ये. मग ‘चेंज फूटप्रिंट्स’ वापरून बोर्डातली जुनी नावं नव्यांना जोडा, पण हे फक्त त्याच बोर्डांवर करा ज्यांची पुढची आवृत्ती खरंच निघणार आहे. जे बोर्ड आहेत तसेच पुन्हा छापायचे, त्यांच्या फाइलींना हात लावू नका. त्यांचे गर्बर तारखेसह वेगळे ठेवा आणि पुन्हा ऑर्डर देताना तेच पाठवा.